उभा धागा

‘स्टॅमिना’ हा शब्द मुळात अनेकवचनी आहे. पहाटे साडेपाचला मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणारा पोलिस भरतीचा उमेदवार ‘स्टॅमिना कमी पडतोय’ म्हणतो, तेव्हा लॅटिनच्या हिशेबाने तो ‘धागे कमी पडतायत’ असं म्हणत असतो. एक धागा असेल तर स्टामेन, अनेक असतील तर स्टामिना. तोही साधासुधा धागा नाही, विणकाम सुरू होण्याआधी मागावर उभा ताणून बसवलेला धागा. इचलकरंजीत, मालेगावात, सोलापुरात, येवल्यात ज्याला ताणा म्हणतात तो.

जोम, हुरूप, उत्साह यांना इंग्रजीत शब्दांची वाण नाही. पण त्यातले बरेचसे उसळीचे आहेत. भरकन चढणारे आणि तितक्याच भरकन ओसरणारे. स्टॅमिना त्या घोळक्यात वेगळा पडतो, कारण त्याच्या पोटात उसळी नाही, ताण आहे. हा फरक नीट कळायला आधी मागापाशी जाऊन उभं राहावं लागतं.

प्राचीन ग्रीस आणि रोममधला जुना माग आपल्या खड्ड्याच्या हातमागासारखा आडवा नसायचा. दोन उंच खांब भिंतीला किंचित तिरके टेकवायचे, वर आडवा दांडा ठेवायचा आणि त्या दांड्यावरून धागे खाली सोडायचे. नुसते लोंबणारे धागे विणता येत नाहीत, म्हणून खालच्या टोकांचे जुडगे करून त्यांना भाजलेल्या मातीची वजनं बांधायची. विणणारी बाई उभी राहून विणायची, वरून खाली, आणि प्रत्येक आडवा धागा वरच्या दिशेने ठोकून बसवायची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली तेलाची एक कुपी आहे. तिच्यावरचं काम अमासिस चित्रकाराचं मानलं जातं. कुपीची उंची जेमतेम १७ सेंटीमीटर, पण तिच्यावर अख्खा कारखाना रंगवलाय. कोणी लोकर तोलतंय, कोणी सूत काढतंय, कोणी विणलेलं कापड घडी करतंय आणि मध्ये दोघीजणी उभ्या मागावर काम करतायत. धाग्यांना टांगलेली वजनंसुद्धा चित्रकाराने सोडली नाहीत. अशा मागांचं लाकूड कुजून गेलं, लोकरही गेली. मातीची वजनं तेवढी राहिली. उत्खननात ती ओळीने पडलेली सापडली की तिथे कधीकाळी माग उभा होता हे कळतं.

या उभ्या धाग्यांचं नाव स्टामेन. त्यांच्यातून आडव्या जाणाऱ्या धाग्याचं, म्हणजे बाण्याचं, नाव सुबटेमेन. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो नावाच्या रोमन पंडिताने शब्दांच्या व्युत्पत्ती लिहून ठेवल्या. त्यातल्या काही आज हास्यास्पद वाटतात, पण ही त्याला बरोबर सापडली. त्याचं म्हणणं असं की स्टामेन हा शब्द ‘उभं राहणं’ यावरून आला, कारण मागावरचं सगळं वस्त्र त्याच्या आधारावर उभं असतं. लॅटिनमधलं हे ‘स्ता’ आणि संस्कृतमधलं ‘स्था’ एकाच मुळातले. स्थिर, स्थान, स्थैर्य तर झालेच, पण ‘ठाव’ आणि ‘ठाणं’सुद्धा त्याच घरचे. भरतीचा मुलगा ज्या पोलिस ठाण्यासाठी धावतोय ते ठाणं आणि त्याला कमी पडतोय तो स्टॅमिना हे असे लांबचे भाऊबंद आहेत.

आता ताणा आणि बाणा यांत नेमका फरक काय, हे यंत्रमागाच्या खटखटाटात जास्त स्पष्ट दिसतं. दोन्ही सुतंच, पण त्यांच्या वाट्याला येणारं आयुष्य अगदी वेगळं. बाण्याचं सूत कांडीवर भरलं जातं, कांडी धोट्यात बसते, धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो आणि मागे सोडलेला धागा कापडात पडून राहतो. एक फेरी झाली की त्याचं काम संपलं. ताण्याच्या तारेला मात्र कापडात शिरायच्या आधी सोसावं लागतं. बीमवरून, म्हणजे मागाच्या पाठच्या रुळावरून, सुटल्यापासून ती सतत ओढीत असते. तारा वर-खाली करणाऱ्या वहीच्या डोळ्यातून जाते, बाणा ठोकून बसवणाऱ्या फणीच्या घरातून जाते. प्रत्येक पिकाला, म्हणजे बाण्याच्या प्रत्येक फेरीला, ती वर उचलली जाते किंवा खाली ओढली जाते आणि प्रत्येक पिकाला फणी तिच्या अंगावरून पुढे येते, मागे जाते. फणीची हालचाल पाच इंचांची धरली आणि कापडात इंचाला ६० पीक असले, तर हिशेब सोपा आहे. एका पिकाला तार इंचाचा साठावा भाग पुढे सरकते. म्हणजे फणीच्या टापूतले ते पाच इंच पार करायला तिला ३०० पीक लागतात. कापडात मुरण्याआधी तारेच्या प्रत्येक बिंदूवर फणी ३०० वेळा घासून जाते.

म्हणून ताण्याची तयारी वेगळी करावी लागते. सूत जास्त पिळाचं घेतात, शक्यतो लांब धाग्याच्या कापसाचं. आधी वार्पिंग होतं. शेकडो कोन, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या गुंडाळ्या, एका घोडीवर लावून त्यांच्या तारा एकसारख्या ओढीने रुळावर गुंडाळतात. इथे काही तारा सैल आणि काही घट्ट राहिल्या तर पुढे कोणी काही करू शकत नाही. घट्ट तारा एकट्याने भार घेतात आणि आधी तुटतात, सैल तारा शेजारणीत अडकतात. मग सायझिंग. तारा खळीच्या गरम टाकीतून काढून तापलेल्या रुळांवर वाळवतात. खळ कमी झाली तर सुताचे केस उभे राहतात, एक तार दुसरीला धरते, धोट्याला जायला स्वच्छ वाट मिळत नाही. जास्त झाली तर तार काडीसारखी कडक होते आणि वाकताना मोडते. हवा कोरडी असेल तर दुखणं आणखी वाढतं. सुती विणकामाला साधारण ७५ ते ८५ टक्के आर्द्रता मानवते. ती घसरली की खळीचा थर ठिसूळ होऊन झडायला लागतो आणि तारा पटापट तुटतात. त्यानंतर वहिफणी. ४८ इंची पन्ह्याला इंचाला ६० तारा धरल्या तर एकूण २,८८० तारा होतात. त्या एकेक करून वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओवायच्या. एखादी तार चुकली तर कापडाच्या अंगावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढी एक रेघ उमटत राहते.

बाणा तुटला तर काय होतं आणि ताणा तुटला तर काय होतं हेही बघण्यासारखं आहे. जुन्या साध्या मागावर बाण्याचं सूत तुटलं किंवा संपलं की बाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या काट्याला ते जाणवतं आणि माग आपोआप थांबतो. ताण्याची तार तुटली तर माग थांबत नाही. ती शेजारच्या तारांत गुरफटत जाते, एकीच्या जागी चार ओढल्या जातात आणि कामगाराची नजर जाईपर्यंत कापडात जाळी पडलेली असते. चांगला कामगार कापडाकडे कमी आणि वहीच्या मागच्या तारांकडे जास्त बघतो तो यासाठी.

आणि एवढं सगळं करून तयार कापड हातात घेतलं की डोळ्यांत भरतो तो बहुतेक वेळा बाणा. पैठणीच्या पदरावरचा मोर, मुनिया, कमळ हे सगळं रंगीत बाण्याचं काम. ताणा त्याच्याखाली असतोच, सुरुवातीपासून असतो. स्टॅमिना हा शब्द नेमका या न दिसणाऱ्या, आधी बसवलेल्या, सतत ओढीत असलेल्या धाग्यांचा आहे. जोमाच्या बाकीच्या शब्दांपासून तो कुठे फुटतो ते इथेच कळतं.

रोमन लोकांनी स्टामेन हा शब्द मागापुरता ठेवला नाही. चातीवर काढलेल्या सुतालाही ते स्टामेन म्हणायला लागले आणि तिथून तो थेट आयुष्यात शिरला. ग्रीकांच्या तीन दैवदेवता होत्या. क्लोथो सूत काढते, लाखेसिस ते मापते, आत्रोपोस कापते. त्यांचं हे काम कातुल्लुस या कवीने इतकं जवळून टिपलंय की त्याने घरातल्या म्हाताऱ्या बायकांना सूत काढताना तासन्‌तास न्याहाळलं असणार. डाव्या हातात मऊ लोकरीचा झुपका. उजवा हात बोटं वर करून धागा हळूहळू खाली ओढतो, मग अंगठा खाली वळवून चातीला गिरकी देतो. धाग्यावरच्या गाठी त्या दातांनी कुरतडून सारख्या करतात आणि लोकरीचे चावलेले कण सुकलेल्या ओठांना चिकटून राहतात. देवतांच्या ओठांवर लोकर चिकटलेली दाखवणारा कवी मला फार मोठा वाटतो.

या धाग्याची दुसरी बाजू युवेनाल हा रोमन कवी दाखवतो. दीर्घायुष्य मागणाऱ्यांना तो नेस्तोरकडे बोट करून सांगतो, याच्याकडे बघा. ट्रॉयच्या युद्धातला हा सर्वांत वृद्ध राजा. मुलाच्या चितेसमोर उभा राहून तो नियतीकडे तक्रार करतो की माझा स्टामेन फारच लांब काढलास. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अपघातातून कोणी वाचलं की आपण म्हणतोच, ‘आयुष्याची दोरी बळकट.’ आपण दोरीची बळकटी बघतो, युवेनालने लांबी बघितली. इंग्रजी स्टॅमिनात पुढे या दोन्ही गोष्टी मिसळल्या. किती पुरेल हेही आलं आणि किती ओढ सोसेल हेही.

जाता जाता आत्रोपोसबद्दल एक. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला ज्या औषधांचे थेंब घालतात त्यांतलं एक जुनं औषध म्हणजे अॅट्रोपिन. ते बेलाडोनाच्या झाडातून मिळतं आणि त्या विषारी झाडाच्या प्रजातीला कापणाऱ्या देवीचं नाव दिलंय.

फुलात हा शब्द कसा आला ते सरळ आहे. फुलाच्या मध्यात उभे असणारे बारीक तंतू, लिलीत तर अगदी ठळक, मागावरच्या धाग्यांसारखे दिसतात. प्लिनी या रोमन लेखकाने त्यांना स्टामेन म्हटलं आणि सतराव्या शतकात इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो उचलला. आपण त्याला पुंकेसर म्हणतो. आपल्या शब्दातही केसच आहेत, म्हणजे बघणाऱ्याला दोन्हीकडे धागाच दिसला. पेरूच्या फुलातला पांढरा झुबका पुंकेसरांचाच असतो. शिरीषाच्या फुलात आपल्याला पाकळ्या दिसतच नाहीत, दिसतात ते सगळे पुंकेसर. जास्वंदीत त्यांची मधोमध एक नळी झालेली असते. ती नळी नखाने अलगद उभी चिरली की आतून जाणारी वेगळी बारीक दांडी सापडते, तिच्या टोकाला पाच गोल बोंडं असतात, तो स्त्रीकेसर. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३५ साली वनस्पतींचे २४ वर्ग पाडले ते मुख्यतः पुंकेसरांची संख्या, लांबी आणि जोडणी बघून. जास्वंदीच्या वर्गाला त्याने दिलेल्या नावाचा अर्थ होतो ‘एकच बंधुसमूह’.

माणसाच्या शरीरात मात्र स्टामिना हा शब्द शिरला तो वैद्यकाच्या दारातून. सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक हाती आला होता आणि माल्पिगीसारखे अभ्यासक कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसं आकार घेतं ते तासातासाने पाहत होते. आधी दिसतात ते अगदी बारीक तंतू. त्या पहिल्या तंतूंना, म्हणजे ज्यांच्यावर पुढचं सगळं शरीर विणलं जाणार त्या आराखड्याला, ते स्टामिना म्हणायचे. इंग्रजीत हा शब्द १६७० च्या दशकात आला तेव्हा त्याचा अर्थ हाच होता: कुठल्याही गोष्टीची मूळ घटकद्रव्यं. तिथून अर्थ सरकला तो असा, की प्रत्येक प्राणी जन्मताना आपापला ताणा घेऊन येतो. तो चांगला असेल तर माणूस आजारातून उठेल, कच्चा असेल तर साध्या तापानेही जाईल. आजाराला तोंड देण्याची, त्यातून सावरण्याची ताकद या अर्थाने तो १७२६ पासून सापडतो.

तरी हा अर्थ लगेच सर्वमान्य झाला नाही. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या सुप्रसिद्ध कोशात या शब्दाचे तीन अर्थ दिलेत. पहिला, कुठल्याही गोष्टीची आद्य तत्त्वं. दुसरा, मानवी शरीरातले घन भाग. तिसरा, फुलातले बारीक तंतू. दमाने टिकून राहणं हा अर्थ त्यात नाहीच. जॉन्सन यांच्या काळातल्या एखाद्याला आजच्या व्यायामशाळेतलं ‘स्टॅमिना वाढवा’ हे वाक्य ऐकवलं असतं तर त्याने चमकून पाहिलं असतं. आद्य तत्त्वं कशी वाढवणार? माग सुरू झाल्यावर ताण्यात नवे धागे घालतात का कोणी?

नंतरच्या काळात हेच उलटलं. शर्यतीचे घोडे, लांब पल्ल्याची पायपीट, सैन्याची कूच, पुढे शाळा-कॉलेजांतले खेळ, या सगळ्यांत हा शब्द वापरात आला आणि वापरता वापरता जन्मजात देणगीचा अर्थ मागे पडून कमावलेल्या ताकदीचा पुढे आला. व्याकरणही बदललं. आधी इंग्रजीत तो अनेकवचनी चालायचा, मग एकवचनी झाला. लॅटिनमधल्या ‘आ’कारान्त अनेकवचनांचं इंग्रजीत बहुधा हेच होतं. अजेंडा आणि डेटा हेही मुळात अनेकवचनीच. फुलाने मात्र जुनं एकवचन धरून ठेवलं आणि त्याला इंग्रजी पद्धतीचं नवं अनेकवचन जोडलं. त्यामुळे आज इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना जाणवतं की फुलातला धागा आणि खेळाडूचा दमखम हा एकच शब्द आहे.

मराठीत तो आला तो हा कमावण्याचा अर्थ घेऊनच, आणि पुल्लिंगी होऊन. स्टॅमिना असतो, वाढतो, संपतो. पण एक गंमत आहे. ‘आ’कारान्त पुल्लिंगी परका शब्द मराठीत मुरला की त्याचं सामान्यरूप व्हायला लागतं. कॅमेऱ्यात, सोड्याची बाटली, क्रीडा कोट्यातून, अजेंड्यावर. स्टॅमिनाचं अजून तसं झालेलं नाही. ‘स्टॅमिन्याचा’ असं क्वचितच कोणी म्हणतं, म्हणतात ‘स्टॅमिनाचा’. डेटाचंही तेच. शब्द घरात आलाय, रोज जेवायला असतो, पण अजून पाहुण्याच्या ताटात.

कारण घरात त्याच्या जागेवर आधीपासून कोणीतरी बसलेलं आहे. ते म्हणजे ‘दम’. हा फारसीतून आलेला शब्द आणि त्याचा अर्थ श्वास. दमा, दमछाक, दमदार, दमसास ही त्याचीच पिलावळ. कबड्डीत चढाईला जाणारा खेळाडू एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहतो आणि दम सुटला की बाद. गवई लांब तान घेतो, खर्जातला स्वर धरून ठेवतो, तिथे कोणी स्टॅमिना म्हणत नाही, दमसास म्हणतात, आणि म्हणावंही तेच, कारण तिथे खरोखर श्वासाचंच काम असतं. तालमीत ‘कस’ म्हणतात. ‘तग धरणं’ आणि ‘चिवटपणा’ हे आणखी वेगळ्या छटांचे. जोर-बैठकांतला ‘जोर’ यांत बसत नाही, तो एका झटक्याचा आहे. इतके शब्द असताना स्टॅमिना का शिरला? माझ्या मते तो शिरला तो बसून करायच्या गोष्टींसाठी. ‘आठ तास अभ्यासाचा स्टॅमिना’, ‘त्यांचं ऐकून घ्यायचा स्टॅमिना नाही माझ्यात’, ‘भांडायचा स्टॅमिना उरला नाही’. इथे श्वासाचा काही संबंध नाही, म्हणून दम नीट बसत नाही. इथे ओढ सहन करणं आहे. मूळ अर्थ कोणाला ठाऊक नसताना मराठीने हा शब्द पुन्हा ताण्यावर आणून ठेवलाय.

धाग्याचे शब्द तसे आपल्याकडेही सर्वत्र पसरलेत, फक्त ते ओळखू येत नाहीत. ‘ओतप्रोत भरलेला’ म्हणताना आपल्याला पाणी ओतल्यासारखं वाटतं. पण ओत आणि प्रोत म्हणजे उभं-आडवं विणलेलं. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते ते याच शब्दांत. हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत आहे? एकावर एक प्रश्न विचारत ती जाते आणि प्रत्येक वेळी विचारते ते हेच, की खालचा ताणाबाणा कुठला. ‘तंत्र’ म्हणजे मुळात माग आणि त्यावरचा ताणा, ‘तन्’ म्हणजे ताणणं यावरून. तंत्रज्ञान, ताण, ताणा हे एका धातूचे. जीवशास्त्राच्या पुस्तकातली ‘ऊती’ म्हणजेही विणणं. आणि त्याच अर्थाच्या ‘टिश्यू’ या इंग्रजी शब्दाचं मूळही फ्रेंचमधल्या विणलेल्या कापडात आहे. शरीर विणलेलं आहे ही कल्पना लॅटिनची एकटीची नाही.

आता प्रश्न उरतो तो मैदानावरच्या मुलाचा. त्याला जे कमी पडतंय ते नेमकं काय?

याचं मोजमाप सुरू झालं १९२० च्या दशकात. मँचेस्टरमध्ये ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी पाठीवर हवेची पिशवी बांधून गवताच्या मैदानावर फेऱ्या मारल्या आणि उच्छ्वासातली हवा तपासली. वेग वाढवत नेला तसा प्राणवायूचा खप वाढत गेला, पण एका मर्यादेनंतर वाढेना. ती प्रत्येकाची कमाल मर्यादा. स्टॅमिनाचा हा एक धागा. दुसरा, त्या मर्यादेच्या किती टक्के वेगावर माणूस बराच वेळ टिकू शकतो. तिसरा, तोच वेग राखायला त्याला किती कमी खर्च येतो, म्हणजे धावण्याची काटकसर. तिघा धावपटूंची कमाल मर्यादा सारखी असली तरी दुसऱ्या-तिसऱ्या धाग्यामुळे शर्यतीत त्यांच्यात मोठं अंतर पडतं. आणि १९६७ साली जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवून दाखवलं की सरावाने स्नायूंच्या पेशींमधली प्राणवायू वापरणारी यंत्रणा जवळपास दुप्पट होते. म्हणजे ताण्यात धागे घालता येतात.

पण जुना अर्थ अगदी खोटा नव्हता. १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या कुटुंबांवर हेरिटेज नावाचा अभ्यास झाला. सगळ्यांना एकसारखा, २० आठवड्यांचा सराव दिला. त्यातल्या ४८१ जणांच्या नोंदी बघितल्या तर प्राणवायूची कमाल मर्यादा मिनिटाला सरासरी ०.४ लिटरने वाढली. काहींची एक लिटरहून अधिक वाढली, काहींची जवळजवळ वाढलीच नाही. आणि कोणाची किती वाढणार हे बऱ्याच अंशी घराण्यानुसार ठरत होतं. सोबत धावणारा मित्र दोन महिन्यांत पुढे निघून जातो आणि आपण तिथेच राहतो, यामागे दर वेळी आळस नसतो.

पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. इथे सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे रोज पूर्ण १६०० जीव तोडून पळणं. त्यातून पहिले तीन आठवडे वेळ सुधारते, मग थांबते, आणि नडगी दुखायला लागते. हृदय आणि रक्त लवकर बदलतं, हाडं आणि स्नायूबंध सावकाश बदलतात. दम वाढलेला असतो पण खालचं सूत अजून तयार नसतं. आठवड्यातले तीन दिवस ३० ते ४५ मिनिटं इतकं संथ धावायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एक दिवस तासभर, तसंच संथ. एक दिवस ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, परीक्षेत हव्या त्याच वेगाने, मध्ये ९० सेकंद चालत. एक दिवस २० मिनिटं जरा नेटाने. एक दिवस पूर्ण आराम. हे तीन-चार महिने. भरतीची तारीख लागल्यावर सहा आठवड्यांत करायला जाणारे पहिल्या प्रकारच्या चुकीत सापडतात. आणि दोन-तीन आठवडे पूर्ण सुट्टी घेतली तर कमावलेलं मोजता येईल इतकं घटतं, हेही लक्षात ठेवायचं.

दुसरी चूक परीक्षेच्या दिवशीची. समजा पाच मिनिटं वीस सेकंदांचं लक्ष्य आहे. म्हणजे प्रत्येक फेरी ८० सेकंदांची. शिट्टी वाजते, गर्दी असते, कोपरं लागतात, कोणीतरी सुसाट सुटतं आणि मुलगा त्याच्यामागे पहिली फेरी ७० मध्ये मारतो. त्या दहा सेकंदांची किंमत तिसऱ्या फेरीत वसूल होते. पाय जड होतात, श्वास वर चढतो, फेरी नव्वदवर जाते आणि चौथीत हातच हलत नाहीत. एकूण वेळ साडेपाच मिनिटांच्या पलीकडे. घट्ट ओढलेल्या तारा आधी तुटतात, तसंच हे.

मराठीत ‘दम धर’ म्हटलं की दोन अर्थ होतात. श्वास रोख, आणि जरा थांब, घाई करू नकोस. श्वासाचा शब्द आपल्याकडे केव्हाच धीराचा झालेला आहे. पहाटे मैदानावर मुलांना तयार करणारे प्रशिक्षक पहिल्या फेरीला कडेने हातात घड्याळ घेऊन ओरडत असतात ते हेच. पुढे गेलेल्याकडे बघू नको. ऐंशी. ऐंशीच. दम धर.